मासा की बकरी

मुक्ताईनगरच्या अलीकडे, हतनूर धरणाच्या फुगवट्याला लागून रुक्माबाईंचं गाव. त्यांचे वडील तापीकाठचे, म्हणून गळ टाकणं त्या परकर नेसायच्या वयातच शिकल्या. पुढे लेकीचं लग्न झालं, घरात जावई आला, तरी ती हौस सुटली नाही. बाईमाणसानं काठावर बसावं का, असं कुणी म्हणालंच, तर त्या म्हणत, "खायला येता ना? मग झालं."

त्या फाल्गुनात गावात एकाच माशाची चर्चा होती. वना नावाच्या शेतकऱ्याच्या केळीबागेखाली धरणात एक भलामोठा मासा फिरे. बठ्ठे, म्हणजे झाडून सगळे, म्हणत, कटला आहे. कुणी कणकेचे गोळे लावले, कुणी गांडुळं. पण त्यानं कशाला तोंड लावलं नाही.

रुक्माबाई दोन सकाळी नुसत्या पाहत बसल्या. वना बागेतली कापलेली पानं पाण्यात टाकी, आणि उन्हं वर येईपर्यंत त्यांचे नुसते दांडे तरंगत राहत. त्यांच्या ध्यानात आलं. हा कटला नाही, हा गवत्या. गवत खावं म्हणून कुणीतरी पाझर तलावात सोडला असणार, आणि पावसाळ्यात सांडव्यावरून सुटून ओढ्यानं इथवर आला असणार.

त्याच आठवड्यात त्यांचे याही, लेकीचे सासरे रतिलालआबा, शिरपूरहून आले. तेही गळाचे दर्दी. शेंगदाण्याची पेंड, गूळ आणि हिंग मळून केलेला चारा त्यांनी पिशवीतूनच आणला होता.

सकाळी दोघं काठावर गेले. रुक्माबाईंनी आधी पानाची पट्टी लावली. माशानं ती ओढली खरी, पण पान फाटलं आणि गळ रिकामाच वर आला.

"इहीनबाई, हाई काय शे?" रतिलालआबा पोट धरून हसले. "मासा शे का बकरी? बठ्ठा मासा पेंडलेच भुलतस!"

"तुमची पेंड तुम्ही लावा, आबा. मले हा मासा माहीत झाला आहे."

पान चुकलं नव्हतं, जून होतं एवढंच. त्या बागेत गेल्या आणि वनाला विचारून केळीच्या बुडाशी फुटलेल्या एका पिलाचा पोंगा कापून आणला. न उमललेलं, फिकट हिरवं, लोण्यासारखं मऊ पान. त्याची पट्टी घडीवर घडी करून त्यांनी गळाला अशी गुंडाळली की टोक तेवढं उघडं राहावं. दोरीचं शिसं काढून टाकलं, कारण हा वरच खाणारा. मग पोंगा तरंगत सोडून त्या काठाच्या झुडपामागे बसल्या.

आबांच्या पेंडीवर बोटाएवढे मासे जमले होते. आबा त्यांना हुसकावत असतानाच पाण्यावर एक जाड तोंड उघडलं आणि पोंगा आत गेला.

रुक्माबाईंनी घाई केली नाही. तोंड मिटलं, मासा वळला, तेव्हाच त्यांनी झटका दिला.

दोरी हातातून सूंऽऽ करत पळाली. त्यांनी पदराचा बोळा तळहातात धरला आणि दोरी सोडत, आवरत गुडघाभर पाण्यात उतरल्या. मासा दोनदा काठाशी आला, दोनदा परत पळाला. तिसऱ्यांदा मात्र तो धरणात बुडालेल्या बाभळीकडे गेला, आणि दोरी तिथंच अडकली.

रुक्माबाई थांबल्या. ओढली तर तुटणार, सैल सोडली तर गळ निसटणार.

"आबा! बाभळीत गुतली!"

रतिलालआबांनी एकदा आपल्या धुतल्या धोतराकडे पाहिलं. मग चष्मा काढून दगडावर ठेवला.

"धरी ठेवा! मी उतरस!"

ते छातीभर पाण्यात गेले. काटे लागले तसे शिव्या देत, हातानं चाचपत त्यांनी फांदीवरचा वेढा सोडवला. दोरी मोकळी झाली तशी रुक्माबाईंनी सावकाश, न थांबता मासा आत ओढला. शेवटी दोघांनी मिळून, कल्ल्यात हात घालून तो काठावर घेतला. आडवा पडला तेव्हा तो वासराएवढा वाटला. दोघंही धापा टाकत शेजारी बसले.

"पेंड नको म्हने," आबा पुटपुटले, आणि पहिल्यांदाच त्यांना स्वतःचंच हसू आलं.

रात्री काळ्या मसाल्याचं कालवण झालं. अर्धं गाव वाटी घेऊन आलं. ओसरीवर कोरडं धोतर नेसून बसलेल्या पाहुण्यांना जो तो विचारी, आबा, एवढा मासा तुम्हीच धरला काय?

"नाही रे भाऊ," काट्यांनी ओरखडलेले हात दाखवत आबा सांगत, "इहीनबाईनी धरा. मी नुसता भिजनू."