मंडईच्या दिवशीचा दौरा

माझा भाऊ मुन्नालाल याला गावात सगळे सदस्यसाहेब म्हणतात. निवडून आली ती त्याची बायको दुर्गेश्वरी, जिल्हा परिषदेवर, बायकांच्या राखीव जागेवरून. मीटिंगला जाताना गाडीत हा पुढे, ती मागे. बोलणार हा, सही तेवढी तिची. नवरा गेल्यापासून मी याच घरात राहते, त्यामुळे हे रोज पाहते आणि माझं डोकं फिरतं. पण भावाला काही म्हटलं की, "बाई, तुले राजकारन समजत नाही," हे ठरलेलं उत्तर.

यंदाच्या ग्रामसभेत बकाराम उभा राहिला. बकारामचं गावात किराणा दुकान आहे, आणि एखाद्या गोष्टीच्या मागे लागला की हात धुऊन लागतो. माहितीच्या अधिकारात त्याने सदस्यांचे प्रवासभत्ते मागवले होते आणि ते तो मोठ्याने वाचू लागला. दुर्गेश्वरीबाई अमुक तारखेला सालेकसा तालुक्यात अंगणवाड्यांच्या पाहणीला गेल्या, स्वतःच्या गाडीने. भत्ता उचलला.

तारीख ऐकली आणि बायकांच्या बाजूला आधी कुजबुज झाली, मग हसू फुटलं. ती आमच्या गावच्या मंडईची तारीख होती. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, लेकीजावई, पाहुणे सगळे घरी येतात, आणि त्या दिवशी कोणत्याच घरची सून चुलीपासून हलत नाही. दुर्गेश्वरी तर सकाळपासून वडे तळत होती. अर्ध्या सभेने ते खाल्ले होते. भत्त्याचा कागद भरताना मुन्नालालला मात्र ही तारीख मोकळी दिसली: कचेरी चालू, मीटिंग नाही. तो दिवसभर मांडवात पान चघळत बसला होता. कढईसमोर बसणाऱ्या माणसाच्या हातून ही चूक झालीच नसती.

मुन्नालाल तिच्या कानाशी वाकला. मी शेजारीच होते. "सकारी जाऊन आली म्हन. कोनं पाह्यलं?"

हो म्हणाली तर जन्मभर गाव हसेल. नाही म्हणाली तर सही तिची, म्हणजे चोर तीच, आणि पदही जाणार. खरा चोर कोण ते मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण सभा विचारत होती तिला.

ती उभी राहिली. "मी नाही गेली," ती म्हणाली. "वडे तळून राहिली होती, तुमीच खाल्ले. सही माझी आहे. पैसे मी भरीन."

आता कोणी हसलं नाही. ग्रामसेवक चाचरत म्हणाला, "बाई, हे लिहून घेऊ का? चौकशी लागेल."

"लिवा."

"येडी झाली का?" मुन्नालाल उसळून उभा राहिला. "पद जाईल तुझं."

"माझं होतं कधी?" दुर्गेश्वरी म्हणाली. "जाईल तं जाईल. जाताना तरी माझं म्हनून जाईल."

ग्रामसेवकाने लिहिलेला कागद सवयीने मुन्नालालपुढे धरला. तिने तो ओढून घेतला आणि सही करायच्या आधी, ओळीखाली बोट धरून, सावकाश वाचू लागली. ती चौथीपर्यंतच शिकलेली, वेळ लागला. सभा तिच्यासाठी थांबली. मुन्नालालही खाली बसला.