अंगठ्यामागचं मांस

"बघ, परत उडालं," हिरामण म्हणाला आणि त्याने उजवा हात बायकोपुढे धरला.

अंगठ्याच्या मुळाशी पूर्वी मांसाचा घट्ट गोळा होता. आता तिथे खळगा पडला होता. त्या खळग्यात कातडीखाली काहीतरी थरथरे, थांबे, पुन्हा थरथरे. हिरामण ते मुद्दाम करीत नव्हता. सगुणाने तिथे बोट टेकले आणि तिचा चेहरा उजळला.

"जित्तं हाय अवो! मांस उडतंय म्हंजे जीव हाय त्याच्यान."

रेवदंड्याच्या बाजारात मासळी विकताना गिऱ्हाइकाला ती हाच पुरावा देई. कापलेल्या मासळीची तुकडी थरथरत असेल तर ताजेपणाबद्दल कुणी तोंड उघडत नाही. हिरामणनेही जन्मभर हेच पाहिले होते. म्हणून सदऱ्याची गुंडी लागेनाशी झाली, मग दोराची गाठ आवळेना, तरी दोघे पावसाळा लागल्यापासून त्या थरथरीवर विसंबून राहिले. संध्याकाळी सगुणा कोमट तेल चोळी आणि दोघे मांस उडण्याची वाट पाहत बसत.

मासेमारीची बंदी उठायला आता थोडेच दिवस होते. हिरामण बोटीचा तांडेल. सुकाण त्याच्या हाती. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा दर पावसाळ्यात जागा बदलतो. तिथे सुकाण फिरवायला किंचित उशीर झाला, की लाट बोट आडवी करते. तोवर हात सुधारेल का, एवढेच विचारायला तो सगुणाला घेऊन अलिबागला गेला.

मज्जातंतूंच्या डॉक्टर प्रणाली वयाने त्याच्या लेकीएवढ्या होत्या. त्यांनी दंडात, मानेत, पायात बारीक सुया टोचून तपासणी केली आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या.

"काका, मानेतल्या मज्जारज्जूत एक पेशी असते. तिला फांद्या असतात, त्या मेंदूचा निरोप झेलतात. मग तिच्यातून एकच लांब तंतू निघतो, केसाहून बारीक. तो थेट इथवर येतो." त्यांनी त्याच्या मानेपासून अंगठ्यापर्यंत बोट फिरवले. "त्या तंतूवाटे हुकूम आला, की अंगठा हलतो. अशा पुष्कळ पेशी असतात. तुमच्या त्या मरत चालल्यात."

"पन मांस उडतंय ना, बाय," सगुणा घाईने म्हणाली.

"आजारी पेशी भलतेसलते निरोप सोडते, मावशी. कुणी न मागितलेले. म्हणून उडतं."

सगुणाचा हात पदराकडे गेला. हिरामणने अंगठ्याकडे पाहिले.

"दोर तुटला तर जोडता येतो," तो म्हणाला.

"तंतू तुटला तर कधी कधी पुन्हा वाढतो. पण इथे पेशीच जाते."

"म्हंजे दोर बांधायचा खुंटच गेला." त्याने डावा हात मांडीवर उताणा ठेवला. "आनि यो?"

डॉक्टरांनी तो हात आपल्या हातात घेतला. "औषधानं वेग थोडा कमी होईल," त्या म्हणाल्या.

परतताना रिक्षात सगुणा एकदाच बोलली. "डाक्टरकडं जायला मीच तुमाला थांबवलं. जित्तं हाय, जित्तं हाय म्हनून."

"मना पन तेच वाटलं गो."

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदरावर धाकटा भाऊ कमलेश बोटीला रंग लावत होता. हिरामणने त्याला सांगितले, की यंदा सुकाण तू धर. कमलेश हसला.

"दादा, सुकान काय हातानं फिरतंय? तू मागं बसून शिव्या घाल, बोट आपसूक वळंल! येवढी वर्सं तेच बघतोय."

"दांड्यावर शिव्या घालायला येळ नसतो रं."

कमलेशचे हसू विरले. कुंचला हातात तसाच राहिला. "बरा होशील तवर धरतो," तो म्हणाला.

"तवर नाय. तांडेल तू. खलाशांना मी सांगतो, तू नको सांगूस."

आणि त्याने खलाशांना हाका मारून जवळ बोलावले, उभ्या उभ्या सांगितले.

दुपारी सगुणाने पाल्याचे कालवण केले होते. पाला चवीचा, पण काट्यांनी भरलेला मासा. हिरामणने तुकडी मोडली. काटा बोटांच्या चिमटीत येईना; दोनदा निसटला. मग सगुणाने त्याचे ताट आपल्याकडे ओढले आणि लहान पोरांसाठी वेचतात तसे काटे एकेक वेचून कडेला ठेवू लागली. हिरामण दाराबाहेर पाहू लागला आणि तिचे संपेपर्यंत तिकडेच पाहत राहिला.