कोटावरचा बिल्ला

आमच्या ह्यांना मिरवायची भारी हौस. शामराव एवढं नाव सांगून कधी भागायचं नाही; "टेक्निकल लाइनमध्ये आहे" हे शेपूट लागायचंच. लखनौजवळ चिनहटच्या एका कारखान्यात ते लोखंडी टाक्यांच्या जोडांचे किरणांनी फोटो काढायचे. त्या कामाला छातीवर लावायला एक चपटा बिल्ला मिळायचा, आत फिल्मची पट्टी. अंगावर किरण पडले की पट्टी काळी पडते, एवढंच मला ठाऊक होतं.

त्र्याऐंशी साली चौदा एप्रिलला मानक नगरात जयंतीचा कार्यक्रम होता. तिथले आपले लोक रेल्वेतले मोठे साहेब. ह्यांनी कोट चढवला आणि म्हणाले, "चंदा, बिल्ला लाव कोटाला. जरा दिसू दे लोकांना."

मी लावला. खोटं कशाला सांगू, मलाही रुबाब आवडला.

दुसऱ्या दिवशी हे कामावरून लवकर परतले, सायकल भिंतीला टेकवली आणि मोरीत ओकायला बसले. ओकारी थांबेचना. मी जयंतीच्या जेवणावर खापर फोडलं. सकाळी मात्र पोहे मागून खाल्ले, तेव्हा जीव भांड्यात पडला.

त्याच दिवशी कारखान्यात कळलं, की यंत्रातली किरणांची गोळी डब्यात परत गेलीच नव्हती, नळीत अडकली होती. तीच नळी आदल्या दिवशी ह्यांनी आणि जोडीला काम करणाऱ्या भाऊरावांनी आळीपाळीने खांद्यावरून वाहिली होती. साहेबांनी सगळ्यांचे बिल्ले तपासणीला पाठवले. भाऊरावांचा काळाठिक्कर निघाला, त्यांना तडक मुंबईच्या इस्पितळात नेलं. ह्यांचा कोरा.

"तुम लकी हो, यार," साहेब म्हणाले. मी शिरा करून शेजारी वाटला.

पुढे ह्यांच्या खांद्यावर लाल चट्टा उठला. मग दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, उशीवर केस दिसू लागले. हे म्हणायचे, लखनौचा उन्हाळा. मला रात्रीची झोप लागेना. हे कूस वळले तरी मी दचकायची.

एकदा कोट उन्हात घालायला काढला. कॉलरवर पिनेची दोन भोकं होती. बिल्ला मीच लावला होता, पण दुसऱ्या दिवशी हे कामावर निघाले तेव्हा काढून दिला नव्हता.

"अहो, त्या दिवशी कामावर बिल्ला होता का अंगावर?"

"साहेबांनी मागितल्यावर कोटावरून काढून दिला. हाँ, झाली चूक. पण बोलायचं नाही. बिल्ल्याशिवाय काम केलं म्हणजे सीधा बाहर. बेबीची शाळा आहे, सोच ना."

"आणि बेबीच्या बापाचं काय?"

"मी ठीक आहे."

ठीक म्हणे! सुंभ जळला तरी पीळ जात नाही. भांडून भांडून मी त्यांना कारखान्याच्या डॉक्टरकडे नेलं.

"इनका बिल्ला तो साफ है," डॉक्टर म्हणाले. "एलर्जी होगी."

"डॉक्टर साहब, बिल्ला इनके ऊपर था ही नहीं. कोट पे था, और कोट घर में खूँटी पे."

"घबरा गई है, साहब," हे हसून म्हणाले. "मैंने पहना था."

डॉक्टरांनी चट्ट्यावर मलम लिहायला घेतलं. मला असा संताप आला, की आजवर चारचौघांत जे कधी केलं नव्हतं ते केलं. ह्यांच्या डोक्यात हात घातला. ओढावंही लागलं नाही. मूठभर केस हातात आले, ते मी त्या कागदावर ठेवले.

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी उठून ह्यांच्या हिरड्या पाहिल्या, दंडावरचे बारीक लाल ठिपके पाहिले आणि नर्सला रक्त काढायला हाक मारली. आवाज बदलला होता. "सच बताइए, शामराव. बिल्ला कहाँ था?"

हे लहान मुलासारखं म्हणाले, "कोट पे."

डॉक्टर फोनकडे वळले. मुंबईची सोय लगेच करा, असं कुणाला तरी सांगू लागले.

"साहब," ह्यांनी मागून विचारलं, "भाऊराव कसे... कैसे हैं?" इतक्या दिवसांत पहिल्यांदाच विचारलं.

"बच जाएँगे," डॉक्टर म्हणाले. "उनको वक़्त पे ले गए थे."

ह्यांनी माझा हात धरला. पंजा तापलेला होता, आणि माझ्या बोटांना त्यांचे केस अजून चिकटलेले होते.