आईच्या डोळ्यातलं तांबूस पाणी

चौक गावाजवळच्या इस्पितळाच्या आवारात सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. बागेतली सिमेंटची आई, डोक्यावर रोपांचा घडा आणि मांडीवर बाळ घेऊन बसलेली, रडत होती. डाव्या डोळ्यातून तांबूस थेंब ओघळत होते आणि लडकू भगत ते बाटलीत धरत होता.

"आई लेकरांसाठी रगत गाळते. डॉक्टर पोट फाडतो, ही नुसती रडून बरं करते. दवाखान्याची पायरी चढायची गरज नाय."

काल हेच पाणी गुडघ्यांवर चाललं होतं, आज मुतखड्यावर चालत होतं. उद्या ते बारावीच्या निकालावरही चाललं असतं.

गर्दीच्या कडेला भिसेगावची हर्षला उभी होती. पुतळा तिनेच घडवला होता. तो का रडतो, हे तिने बघताक्षणी ओळखलं होतं. पण वर्षभर लोकांनी त्याच्यावर ओले टॉवेल वाळत घातले होते. आता तेच लोक हात जोडत होते, तिचं नाव विचारत होते. थोडं मिरवून घेऊ, मग सांगू, अशी तिने मनाची समजूत घातली होती.

तेवढ्यात डोंगरावरच्या वाडीतली पारू आली. कडेवर तिचा मंगळ्या, हगवणीने मलूल झालेला. तिने बाटलीतलं पाणी त्याच्या तोंडाला लावलं.

"आत दाखवलंस का गं?" हर्षलाने विचारलं.

"भगत म्हनतो, आई हाय ना हितं."

हर्षला पुन्हा गर्दीच्या कडेला जाऊन उभी राहिली.

दुपारी पोराने मान टाकली. तेव्हा मात्र हर्षलाने त्याला उचललं आणि ती आत धावली. डॉक्टर संध्यांनी सलाईन लावता लावता विचारलं, "अंग पार सुकलंय. सकाळपासून बाहेरच होता?"

पोर वाचलं. संध्याकाळी त्याने डोळे उघडले, तशी हर्षला लोखंडी सळई घेऊन पुतळ्याजवळ गेली.

"देवीला हात लावशील तर हात झडतील," लडकू म्हणाला.

"देवी नाही. मी केलेला पुतळा आहे."

तिने आईच्या पायाशी असलेल्या भोकात सळई खुपसली. चिखल सुटला आणि पाठोपाठ कुजकं तांबडं पाणी भळाभळा वाहिलं. थोड्या वेळात डोळा गळायचा थांबला.

"हिच्या डोक्यावरच्या घड्यात रोपं आहेत," ती लोकांना म्हणाली. "माळी त्यांना रोज पाणी घालतो. ते पोकळ अंगातून उतरून या भोकातून बाहेर पडायचं. भोक तुंबलं, पाणी आत साठलं, डोळ्याजवळच्या चिरेतून गळायला लागलं. सिमेंटच्या आतली लोखंडी जाळी गंजलीय, म्हणून ते तांबडं."

लडकूने बाटल्या पिशवीत कोंबल्या आणि फाटक गाठलं. पारू व्हरांड्यात येऊन उभी होती.

"बाय, तुला आधीच ठावं व्हतं?"

"होतं."

"मंग सकाळी का नाय बोललीस?"

"लोक माझ्या कामाला हात जोडत होते. मला ते गोड लागलं." हर्षलाची मान वर होईना. "आजारी माणसाला आधी आत न्या. नवल दिसलं तर ते कशाने होतं, ते विचारा. आणि ज्याला माहीत आहे त्याने माझ्यासारखं गप्प बसू नये."

पारूने सगळं ऐकून घेतलं. मग तिच्याकडे न बघता ती आत पोराजवळ गेली.