बारीक अंगाची खात्री

"जाडीला सगळे रोग शोधत येतात," असं तोंडावर सुनावून आक्कांनी थोरल्या सुनेला, विनिताला, छातीच्या तपासणीला धाडलं. धाकटी सून सुवर्णा सोबत गेली, पण बाहेर बाकावरच बसली. ती काठीसारखी बारीक; रोगाला बसायला जागा तरी हवी, असा तिचा हिशोब.

विनिता बाहेर आली ती गंभीर चेहऱ्यानं.

"मला काय न्हाय. पण डॉक्टरीणबाई बोलल्या, पाळी चालू हाय तवर उलटंच हाय. बारीक बायांना छातीच्या कॅन्सरचा धोका जरा जास्तच. आता तू जा आत."

"मी कशाला?"

"वज्रेश्वरीच्या कुंडावर तुझी पाठ चोळताना डाव्या काखेखाली कायतरी टणक लागलेलं. तवापासून मनात हाय."

सुवर्णा हसली. "वैनी, माझ्या अंगावर मांस कुठं हाय? बरगडीचं हाड हाय ते. कधीचं हाताला लागतंय."

"मग उजवीकडं पण लागंल. बघ."

सुवर्णानं पदराआडून हात घातला. डावीकडं ते होतंच, नेहमीसारखं. मग तिनं उजवीकडं बोटं फिरवली. पुन्हा फिरवली, दाबून.

तिथं नुसत्याच बरगड्या होत्या.