कार्यकर्त्या निवृत्त होत नाहीत

आमच्या संस्थेचं नाव सुरक्षित वार्धक्य समिती. उद्दिष्ट असं, की जन्मभर राबलेल्या माणसाला म्हातारपणी कुणाच्या तोंडाकडे बघायची वेळ येऊ नये. हे वाक्य मूळ माझं. अध्यक्षांनी ते इतक्या भाषणांत वापरलं, की आता ते त्यांचंच झालंय. मी तक्रार करत नाही, फक्त सांगून ठेवते.

समितीचं ऑफिस म्हणजे चष्म्याच्या दुकानावरची एक खोली. कुलूप मी उघडायचे, केर मी काढायचे, फोन मी घ्यायचे, मंत्र्यांना द्यायची निवेदनं लिहून टाइप मीच करायचे आणि मोर्चा असला की आदल्या दिवशी फलकही रंगवायचे. बाकीचं सगळं समिती करायची. समितीतले झाडून सगळे पेन्शनर. म्हणून तर बिनपेन्शनवाल्यांसाठी लढायला त्यांना वेळ मिळतो. अध्यक्ष मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. एकदा त्यांची स्वतःची पेन्शन जमा व्हायला थोडा उशीर झाला, तर त्यांनी बँकेच्या मॅनेजरला पळता भुई थोडी केली. या विषयाची तळमळ त्यांना आहे, हे मी शपथेवर सांगू शकते.

यंदा माझ्या बोटांनी असहकार पुकारला. सकाळी उठलं की ती उघडायलाच तयार नसत. डॉक्टर म्हणाले, टाइपिंग बंद करा. ते म्हणाले नि मी केलं, असं व्हायला माझ्याकडे काय होतं? मी आणि माझी मोठी बहीण, दोघीच. ताई विधवा, घरीच शाळेचे गणवेश शिवते, आणि सुईत दोरा ओवायला आता तिला मी लागते. खोली भाड्याची. घरमालक भला माणूस आहे, पण भाड्यापुरता तो भलेपणा बाजूला ठेवतो.

ताई म्हणाली, अगं, पेन्शन मागणाऱ्यांकडे तू उभा जन्म काढलास, तुला नाही तर कुणाला देतील? मला ते पटलं. केर काढता काढता मी चार वाक्यं जुळवली आणि अध्यक्षांपुढे जाऊन उभी राहिले.

त्यांनी चष्मा काढला. वाईट बातमी द्यायची असली की ते चष्मा काढतात, म्हणजे समोरच्याचा चेहरा दिसत नाही.

"बाई, पेन्शन कर्मचाऱ्यांना असते," ते म्हणाले. "तुम्ही कुठे कर्मचारी? तुम्ही कार्यकर्त्या."

मी म्हटलं, दरमहा पैसे तर घेते. ते म्हणाले, तो पगार नव्हे, मानधन. पगार घेणारा निवृत्त होतो. कार्यकर्ता शेवटच्या श्वासापर्यंत कार्यकर्ताच असतो. खजिनदारांनी भर घातली की देणगीदार कार्यासाठी पैसे देतात, माणसांसाठी नाही. मग समितीची बैठक झाली आणि मला एकमताने मानपत्र द्यायचं ठरलं. ते टाइप करायला मलाच सांगितलं, कारण टाइप करणारं दुसरं कुणी त्यांच्या ओळखीत नव्हतं. मी किती निःस्वार्थी आहे ते मी त्याच बोटांनी टाइप केलं. मजकुरात एके ठिकाणी 'थोर' नव्हतं, ते मी माझ्या पदरचं घातलं. म्हटलं, तेवढी तरी कमाई होऊ दे.

घरी ताईने मानपत्राची फ्रेम उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, काच बरी आहे, विकली जाईल. ती हसली, मी रडले. चांगली हमसून रडले. मला काही फार नको होतं. फक्त एक दिवस सकाळी उठून कुठेही जायचं नाही, एवढंच हवं होतं, आणि महिनाअखेरीला छातीत धडधडायला नको होतं.

त्यानंतर मंत्र्यांची सभा आली. सर्वांना पेन्शन देणारा कायदा करा, ही आमची मागणी. अशा सभेला एक उदाहरण लागतं. उदाहरण म्हणजे थकलेला, गरीब, पण स्वच्छ कपड्यांतला म्हातारा माणूस. तो दोन मिनिटं बोलतो, मग अध्यक्ष तासभर बोलतात. यंदा एक सुतारकाका ठरले होते. त्यांच्या मुलाने ऐनवेळी निरोप धाडला की बापाला चव्हाट्यावर बसवणार नाही. अध्यक्षांना घाम फुटला. त्यांनी सभागृहभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

म्हणाले, बाई, तुम्हीच बोला, कुठल्याशा कारखान्यात होतात म्हणून सांगा. मी म्हटलं, मी खरं तेच सांगेन. ते मंत्र्यांची खुर्ची सरळ करत होते. म्हणाले, हो हो, खरं वाटलंच पाहिजे.

मी खरं सांगितलं. जिथे दिवसभर दुसऱ्यांच्या म्हातारपणाची काळजी वाहतात, अशा ठिकाणी मी केर काढते म्हटलं. माझं म्हातारपण आलं तेव्हा मी कर्मचारीच नाही असं कळलं, म्हटलं. मला काचेची फ्रेम मिळाली आणि ती देणारे हे इथे व्यासपीठावर बसलेत, असं म्हणून एकेकाकडे बोट दाखवलं. आता आपल्याला हाकलणार, हे धरूनच मी बोलत होते.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मंत्र्यांनी डोळे पुसले. अध्यक्ष तर उभं राहून टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की एका वृद्धेने समाजाच्या ढोंगावर रूपकातून बोचरी टीका केली. खजिनदार मला म्हणाले, काय रंगवलंत हो बाई, आम्हाला क्षणभर वाटलं आपलंच चाललंय.

गावोगावच्या शाखांकडून मागणी आली. आम्हाला त्या बाईच पाहिजेत. मी पुन्हा अध्यक्षांकडे गेले. म्हटलं, साहेब, सगळं तुमच्यासमोर बोलले, आता तरी द्या. त्यांनी चष्मा काढला नाही. खऱ्या काळजीने माझ्याकडे पाहून म्हणाले, "बाई, तुम्हाला पेन्शन दिली, तर आपल्याकडे उदाहरण काय राहिलं?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, मग दुसरं उदाहरण शोधा, मी चालले. किल्ली टेबलावर ठेवली. हा घाव मात्र वर्मी बसला.

बैठक खूप वेळ चालली. शेवटी ठरलं ते असं. टाइपिंगला आणि केराला दुसरी मुलगी, तीही अर्थात कार्यकर्ती. मला दरमहा घसघशीत रक्कम, मी जिवंत असेपर्यंत, प्रवासखर्च या नावाखाली. त्याबदल्यात प्रत्येक सभेत उभं राहून सांगायचं की मला पेन्शन नाही. आणि या पैशांबद्दल बाहेर ब्र काढायचा नाही.

"म्हणजे पेन्शन नाही हे सांगण्याची पेन्शन," ताई म्हणाली, आणि तिला मशीन थांबवून हसावं लागलं.

मी ती घेतली. का घेऊ नये? ते माझ्या घामाचेच पैसे होते, फक्त दुसऱ्या नावाने आले. पहिल्या महिन्याला भाडं देऊन हातात काही उरलं, तेव्हा मी ताईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. सभांमध्ये मात्र दरवेळी तेच वाक्य आलं की जीभ जड व्हायची. पूर्वी खरं बोलताना व्हायची नाही ती आता व्हायची. टाळ्या तेवढ्याच पडायच्या.

मागच्या आठवड्यात एका हॉस्पिटलशेजारच्या सभागृहात सभा होती. माझं झालं, मी जिना उतरले, तर खाली एक बाई थांबलेली. माझ्याहून वयाने मोठीच. हॉस्पिटलच्या चादरी धुते म्हणाली, अजून धुते. बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या होत्या. तिने माझा हात धरला आणि त्यात घडी घातलेली एक नोट सरकवली.

मला भर सभेत कुणी थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं. मागे अध्यक्ष उभे होते, शाखेची माणसं होती. मी कुणाची पर्वा केली नाही. मोठ्याने म्हटलं, "अहो नको, मला पैसे मिळतात. समिती देते, दर महिन्याला. मरेपर्यंत देणार आहे."

अध्यक्षांच्या तोंडचं पाणी पळालं. त्या बाईने मात्र माझ्याकडे फार मायेने पाहिलं.

"राहू दे गं," ती हळूच म्हणाली. "मुलगा पाठवतो पैसे, असं मीही सगळ्यांना सांगते."

आणि ती घाईने निघाली. तिची कामाची दुसरी पाळी सुरू व्हायची होती.