तांबड्या शाईची नोंद

त्या हवाई तळावर त्याला सगळे ‘अनवाणी’ म्हणत, आणि ते नाव त्याने स्वतःच हेल्मेटवर पांढऱ्या रंगात लिहवून घेतले होते. भरतीच्या दिवशी तो सतरा मैल बिनचपलांचा चालत आला होता. बूट घालून ये, असे दरडावणाऱ्या अधिकाऱ्याला त्याने विचारले होते की धावायचे पायांनी आहे की बुटांनी. आणि शर्यतीत पहिला येऊन तो वाद त्याने तिथेच मिटवला होता. गवताचे भारे विकून त्याला वाढवणाऱ्या आईने पुढे त्याच्या छातीवरचे वैमानिकाचे पंख पाहिले, तेव्हा ती एवढेच म्हणाली की आपल्या घरच्या वाटणीचे वाकणे माझ्या पाठीने उरकले आहे, तू आता वाकू नकोस.

वीस वर्षे त्याने तो शब्द पाळला, आणि म्हणूनच त्याची बढती नेहमी दोन पावले मागे राहिली. आता मात्र स्क्वाड्रनचे नेतृत्व त्याच्याकडे यायचे होते. शिफारशीच्या कागदावर तळप्रमुखाची सही तेवढी बाकी होती. आणि तळप्रमुख म्हणजे प्रशिक्षणात तीन वर्षे त्याच्याच खोलीत राहिलेला मित्र.

त्या दिवशी सकाळी दहा वाजता तीन विमाने मंत्र्यांना हवाई सलामी देणार होती. मधले तळप्रमुखाचे, उजवीकडचे अनवाणीचे, डावीकडचे आणखी एका वैमानिकाचे. इतर वैमानिक हँगरमध्ये शिरले की थेट विमानाकडे जात. हा आधी अवजारांच्या फळीसमोर उभा राही, आणि त्याबद्दल थट्टाही सोसे. फळीवर प्रत्येक अवजाराची आकृती काळ्या रंगात काढलेली होती. काम संपले की अवजाराने आपल्या आकृतीवर परतायचे. एक जरी कमी भरले तरी ते एखाद्या विमानाच्या पोटात राहिले असे धरायचे, आणि त्या पाळीत हात लागलेले एकही विमान उडवायचे नाही, असा नियम होता.

त्या सकाळी फळी भरलेली होती. पण त्यातला एक लहान पाना त्याने उचलून उजेडात धरला. प्रत्येक अवजारावर फळीचा क्रमांक कोरलेला असे. हा पाना कोरा होता आणि नव्या भांड्यासारखा चकाकत होता. त्याने विमानांची देखभाल करणाऱ्या मिस्त्रीकडे पाहिले. चौतीस वर्षे नोकरी झालेल्या त्या माणसाला खोटे बोलणे जमले नाही.

“काल मोजणीत एक कमी भरला, साहेब. सगळं धुंडाळलं. निवृत्तीला चार महिने राहिलेत, म्हणून कोठारातला नवा आणून लावला.”

आदल्या दिवशी मिस्त्रीचा हात तिन्ही विमानांना लागला होता. अनवाणीने तिन्ही विमानांच्या नोंदवह्या मागवल्या आणि प्रत्येकीत तांबड्या शाईने कारण लिहिले. तांबडी नोंद झालेले विमान उघडून तपासल्याशिवाय जमिनीवरून हलत नसे.

दहाच मिनिटांत तळप्रमुख उड्डाणाच्या पोशाखातच येऊन थडकला.

“तुझं विमान तू बघ ना. माझ्या वहीत लिहायला तुला कुणी सांगितलं?”

“नियमानं. तो तूच भिंतीवर लावलायस.”

“अरे, मंत्री मंडपाकडे निघालेत. दोन बोटांएवढा पाना तो.”

“नियंत्रणाचा दांडा अडकायला दोन बोटं पुष्कळ झाली.”

तळप्रमुखाचा आवाज खाली आला. त्याने शिफारशीच्या कागदाची आठवण करून दिली. आणि वर, बूट मिळाले तरी तुझी चाल काही सुधारली नाही, असा टोलाही हाणला.

“चालत आलोय म्हणून चाल आहे,” अनवाणी म्हणाला. “उचलून आणलेल्यांना ती नसते.”

सलामी रद्द झाली. खराब हवामानाचे कारण मंत्र्यांना देण्यात आले, तेव्हा आकाशात ढगाचा ठिपकाही नव्हता. इकडे झाकणे उघडली जाऊ लागली. अनवाणीचे विमान निर्दोष निघाले. डावीकडचेही. दुपारपर्यंत हँगरमध्ये कुजबुजीचे हसण्यात रूपांतर झाले होते, आणि तो मात्र बाह्या सारून मिस्त्रीबरोबर तिसऱ्या विमानाचे स्क्रू काढत होता.

पाना सापडला तो तळप्रमुखाच्या आसनाखाली, नियंत्रण दांड्याच्या खोबणीपासून वीतभर अंतरावर.

तळप्रमुखाने तो तळहातावर घेतला. मग सगळ्यांना बाहेर घालवून त्याने सौम्य शब्दांत तोड सुचवली. वह्यांची पाने बदलावीत, सलामी रद्द झाल्याचे कारण हवामानाचेच राहू द्यावे. मिस्त्री वाचेल, तळाची अब्रू वाचेल, आणि कागदावर आजच सही होईल.

“मिस्त्रीला वाचवायचं तर त्याच्या बाजूनं साक्ष देऊ,” अनवाणी म्हणाला. “विचारल्याबरोबर त्यानं खरं सांगितलं, हे मी लिहितो. पान फाटलं, तर पुढच्या वेळी फळी भरलेली दिसेल आणि खरं सांगायला कुणी उरणार नाही.”

“आणि तुझा कागद?”

“त्यावर सही कर, नाहीतर करू नकोस. मी विचारणार नाही.”

त्याने वही उघडून पाना सापडल्याची जागा आणि वेळ लिहिली, खाली मिस्त्रीच्या कबुलीची ओळ जोडली, आणि लेखणी तळप्रमुखापुढे धरली. ज्याचे विमान, त्याची सही या नोंदीला लागत असे. बसून बोलू, असे म्हणत तळप्रमुखाने खुर्चीकडे बोट दाखवले. अनवाणी बसला नाही. लेखणी धरलेला हात पुढे करून तो तसाच ताठ उभा राहिला.